विकेटला आठ आणे

गेले अकरा दिवस मी समोर येईल त्याला पकडून एकच गोष्ट सांगतोय. बायकोला सांगितली, ती म्हणाली, "आधी जेवून घ्या, मग पुन्हा पहिल्यापासून सांगा." शेजारच्या काकांना सांगितली, तर त्यांना अर्ध्यातच बीपीची गोळी आठवली. कंपनीच्या बसमध्ये सुरू केलं तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "भाऊ, फर्स्ट शिफ्टंय. झोपू द्या की." म्हणून आता लिहून काढतो. कागद मध्येच उठून जात नाही.

सुरुवात फुटबॉलपासून. चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये नवी प्रेस बसवायला इंग्लंडहून एक फिटर आला होता. आमच्याच वयाचा, लालबुंद, गाव रॉदरहॅम. तीन आठवडे राहिला. पहिल्या दिवशी मिसळीच्या तर्रीनं रडला, चौथ्या दिवशी स्वतःहून तर्री मागायला लागला. जायच्या आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यानं मोबाईलवर एक जुना फोटो दाखवला. मिशीवाला काळा तरुण, अंगावर खेळाडूचे कपडे. "आमच्या गावाचा गोलकीपर. जगातला पहिला काळा प्रोफेशनल फुटबॉलर," तो म्हणाला. सांगताना छाती अशी काही फुगली होती की याचा सख्खा मामाच असावा.

आर्थर व्हॉर्टन. जन्म १८६५चा, आफ्रिकेतल्या अक्रा शहरातला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, आईचं नातं तिथल्या फांटी राजघराण्याशी. मुलानं बापासारखं धर्मकार्य करावं म्हणून त्याला इंग्लंडला शिकायला धाडलं, आणि मुलगा तिथं पळत सुटला. १८८६ साली लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर त्यानं शंभर यार्ड दहा सेकंदांत कापले. मग गोलकीपर झाला. गोलच्या आडव्या दांड्याला लोंबकळून चेंडू दोन पायांच्या कात्रीत पकडायचा, असं त्याला पाहिलेल्या एकानं पुढे वर्तमानपत्रात लिहून ठेवलंय. १८८९मध्ये रॉदरहॅम टाउननं त्याला पगारावर घेतलं. तो क्रिकेटही खेळायचा, तेही पैसे घेऊन. आणि शेवट? कोळशाच्या खाणीत मजुरी, १९३०मध्ये मृत्यू, आणि पुढची सदुसष्ट वर्षं कबरीवर नावाचा दगडसुद्धा नाही. तो १९९७ साली बसला.

"तुमच्याकडे असा कोण?" रॉदरहॅमवाल्यानं सहज विचारलं. मी पाव तोंडात कोंबून वेळ मारून नेली.

रात्री झोप येईना. आमच्याकडे कोण? फुटबॉलचं मला काही सुचेना, आमचा जीव क्रिकेटमध्ये. मोबाईल घेऊन शोधत बसलो, आणि रात्री एकच्या सुमारास एक नाव आलं: पालवणकर बाळू. नाव कुठंतरी ऐकलेलं, एखाद्या भाषणात, एखाद्या बॅनरवर. पुढे वाचलं. जन्म १८७६च्या आसपास, धारवाडचा. मूळ गाव कोकणातलं पालवण, म्हणून पालवणकर. जात चांभार. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला.

खडकीच्या!

मी अंथरुणात उठून बसलो. माझं सगळं आयुष्य बोपोडीत गेलंय. घराच्या पाठीमागून चालत निघालं तर तो कारखाना लागतो. आमच्याकडे त्याला नुसतं 'फॅक्टरी' म्हणतात, बाकीच्या सगळ्या कारखान्यांना कंपनी. फॅक्टरी १८६९ची. आळीतली निम्मी घरं त्या फॅक्टरीवर उभी राहिली, माझ्या वर्गातली निम्मी मुलं फॅक्टरीच्या क्वार्टरांतून यायची. रोज पहाटे सव्वापाचला मी बसमध्ये बसतो, बस हॅरिस ब्रिजवरून दापोडीत उतरते, कासारवाडी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणला जाते. पंधरा वर्षं झाली. हिंदुस्थानातल्या पहिल्या थोर गोलंदाजाच्या बापाची हजेरी जिथं लागायची, तिथून जवळच मी डुलक्या काढत थांबायचो आणि मला पत्ता नाही. शाळेतल्या सरांनी सांगितलं नाही, आळीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं नाही. सांगितलं कुणी, तर रॉदरहॅमच्या फिटरनं, तेही त्याला स्वतःला ठाऊक नसताना.

त्या रात्री मी तीनपर्यंत वाचलं. दुसऱ्या दिवशी रामचंद्र गुहांचं २००२ सालचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' हे पुस्तक मिळवलं आणि चार दिवसांत फडशा पाडला. माझं इंग्रजी मशीनच्या मॅन्युअलपुरतं. तरी पाडला.

तर ऐका. बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. महिना तीन रुपये. काम खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, आणि सभासद सरावाला आले की अधूनमधून चेंडू टाकायचे. १८९२च्या सुमारास ते पूना क्लबात गेले. तो गोऱ्यांचा क्लब, पगार चार रुपये. खेळपट्टी लाटायची, जाळी उभारायची, चुन्याच्या रेषा मारायच्या, टेनिसची कोर्टंही आखायची. वय सोळा. ट्रॉस नावाच्या एका साहेबानं त्यांना चेंडू टाकायला लावलं. पोरगा डावखुरा, बोटांत फिरकी उपजतच. बघता बघता सगळे साहेब "बाळूला बोलवा" म्हणायला लागले.

त्यातला सगळ्यात तरबेज फलंदाज कॅप्टन ग्रेग. आद्याक्षरं जे. जी., पूर्ण नाव जॉन ग्लेनी. इथल्या लोकांच्या जिभेवर त्याचं झालं 'जंगली', आणि हा माणूस जन्मभर 'जंगली ग्रेग' म्हणूनच मिरवला! इंग्लंडात तो हॅम्पशायरकडून खेळायचा. (म्हातारपणी कॅथलिक पाद्री झाला, ती वेगळीच कथा.) हा ग्रेग इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि एकट्या बाळूंची गोलंदाजी खेळायचा. आणि असं सांगतात की, बाळूंनी त्याला आउट केलं की तो दर वेळी आठ आणे द्यायचा.

इथं मी पुस्तक खाली ठेवलं आणि हिशेब केला. पगार चार रुपये. आठ आण्यांच्या आठ विकेटा म्हणजे चार रुपये. महिन्यात ग्रेगला आठदा उडवला की पगार दुप्पट! हे तर आमचं प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह झालं. टार्गेटच्या वरच्या प्रत्येक पीसला इतके पैसे, फक्त इथला पीस म्हणजे हिंदुस्थानातल्या उत्तम फलंदाजांपैकी एक. तो एक तास आधी का येत असेल ते कळतं, आणि बाळू त्याच्याही आधी येऊन जाळी का लावत असतील तेही कळतं.

आता खरी मेख. इतकी वर्षं, इतके हजारो चेंडू. पण त्या जाळीत बाळूंच्या हातात कुणी बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची. नोकरानं चेंडू टाकायचा, आणून द्यायचा, पुन्हा टाकायचा.

हे वाचून मला आमच्या लाईनवरचा एक हेल्पर आठवला. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. कंत्राटावर आला, सहा वर्षं एकाच ऑपरेशनवर, ओपी तीसला. मशीनवर बोअर मारून झाला की पार्ट काढायचा, पुसायचा, तपासून पुढे द्यायचा. मशीनच्या पॅनलला हात लावायची परवानगी नाही, ते काम ऑपरेटरचं. पण तो पार्ट हातात घेऊन करंगळीशेजारचं बोट आतून एकदा फिरवतो आणि सांगतो, "ह्याला बर राहिलाय. टूल बदला." गेज लावून बघावं तर दर वेळी त्याचंच खरं. आमचा क्वालिटीचा साहेब गमतीनं म्हणतो, ह्या बोटाला कॅलिब्रेशनचं स्टिकर लावा. एकाच ऑपरेशनवर डांबून ठेवलं की माणसाच्या बोटांत काय उतरतं ते मी रोज बघतो. पूना क्लबनं बाळूंना ओपी तीसवर ठेवलं होतं. पॅनल साहेबांचं. आणि ह्या गड्यानं त्या एका ऑपरेशनमधून हिंदुस्थानातली सगळ्यात जहाल डावखुरी फिरकी घडवली. म्हणून कुणी ह्यात कंत्राटदाराचे आभार मानू नयेत. बॅट दिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मला त्या रात्रीपासून छळतोय. त्याचं उत्तर मला नंतर मिळालं, तेही बसमध्ये. सांगतो.

पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि गोऱ्यांचा सरावाचा गोलंदाज हिंदूच होता, फक्त चांभार. झाली पंचाईत! घ्यावा तर बाट, न घ्यावा तर हार. हिंदूंच्या क्लबातले तेलुगू सभासद म्हणाले घ्या, पुण्याचे ब्राह्मण सभासद बिचकले. शेवटी घेतलं. मैदानावर चेंडू हातोहात फिरायचा, बाळूंच्या हातून ब्राह्मणाच्या हातात, तिथून विकेटकीपरच्या. चेंडू कातड्याचा! आणि मध्यंतरात सगळ्यांना कपबश्यांत चहा, बाळूंना तंबूबाहेर मातीच्या बोळक्यात. तोंड धुवायला पाणी लागलं तर त्यांच्यासारखाच एखादा अस्पृश्य गडी कोपऱ्यात नेऊन वरून ओतणार. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या ठिकाणी.

हे वाचल्यावर रविवारी मी खडकी बाजारात चहा प्यायला थांबलो. कागदी कप हातात आला आणि घोट घेता येईना. त्यात काही अर्थ नाही, हे मलाही कळतं. सगळ्यांनाच कागदी कप आहेत.

मग साताऱ्याचा सामना. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी सात बळी घेतले, हिंदूंचा संघ जिंकून परतला आणि पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी संघातल्या मंडळींना सुनावलं की, ह्याच्याबरोबर खेळायला चालतं तर ह्याच्याबरोबर खायला-प्यायला का चालत नाही. हा सवाल सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि आमच्या काही गावांत तो आजही नव्यानं विचारता येईल.

पुढे बाळू मुंबईला गेले. तिथंही हिंदू जिमखान्यात घ्यावं की नाही यावर खल झाला, कर्णधार कीर्तिकरांनी हट्ट धरला म्हणून घेतलं. मुंबई मात्र लवकर वितळली, सहभोजन सुरू झालं. धाकटा भाऊ शिवराम संघात आला. आणि १९०६ साली बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. एकशे नऊ धावांनी विजय! 'इंडियन सोशल रिफॉर्मर'नं ह्या भावांना संघात घेण्याचं महत्त्व वाखाणलं. मी ते आकडे चारदा बेरीज-वजाबाकी करून बघितले, इतका आनंद झाला होता. एकशे सतरा वर्षांहून जुना सामना आणि मी रात्री दीडला अंथरुणात मूठ आवळून "येस" म्हणतोय. बायकोनं कूस बदलली.

त्याच्यापुढचं १९११. हिंदुस्थानचा पहिला सर्व जमातींचा संघ इंग्लंडला गेला, कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. महाराज मेजवान्यांत जास्त, मैदानावर कमी. संघ बरेच सामने हरला. आणि पस्तिशीतले बाळू सलग टाकत राहिले, दुखऱ्या खांद्यानं. दौऱ्यात बळी किती? एकशे चौदा! सरासरी एकोणिसाच्या आत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. टॉन्टनला सॉमरसेटविरुद्ध शिवरामनं नाबाद ११३ काढल्या आणि एका गड्यानं सामना जिंकला. खडकीच्या फॅक्टरीतल्या कामगाराची दोन पोरं, इंग्लंडच्या हिरवळीवर. त्या उन्हाळ्यात आर्थर व्हॉर्टन सेहेचाळिशीला टेकलेला होता, त्याच बेटावर. दोघांची गाठ पडली असती तर? पडली नाही. मी मात्र दोन दिवस ती पाडत होतो.

परत आल्यावर कर्णधारपद? ते नाही. वर्षामागून वर्षं गेली, संघातला सर्वांत मोठा खेळाडू हाच आणि नाणेफेकीला दुसराच कुणीतरी. १९१३मध्ये मुकुंद पै कर्णधार झाले, तेव्हा सत्काराला उत्तर देताना त्यांनी भर सभेत सांगितलं की, हा मान माझे मित्र बाळू यांचा होता. हा पै मला फार आवडला. १९२०मध्ये बाळूंना संघातूनच वगळलं, तर भावांनी जाहीर निषेध केला. शेवटी बाळू उपकर्णधार म्हणून परतले, आणि पै काही वेळ मुद्दाम मैदान सोडून गेले. तेवढा वेळ संघ बाळूंच्या हुकमात. माणूस आपली खुर्ची अशीही मोकळी करू शकतो. पुढे १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल रीतसर कर्णधार झाला, युरोपियनांना हरवलं, आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. ह्याच विठ्ठलनं १९४८मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं, आपल्या मराठीत. मी ते अजून शोधतोय. कुणाच्या माळ्यावर असेल तर झेरॉक्सचे पैसे मी देईन.

इथपर्यंत माझी गाडी सुसाट होती. पुढे गिअर अडकला. बाळू राजकारणात उतरले. १९३२चा पुणे करार झाला येरवड्याला, खडकीहून हाकेच्या अंतरावर, आणि त्यावर सह्या करणाऱ्यांत बाळूही होते. १९३७ला काँग्रेसनं त्यांना मुंबईतून उभं केलं. कुणाविरुद्ध? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध! मी ते वाक्य दोनदा वाचलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. बोपोडीत ही गोष्ट सांगायला मी कचरतो, खोटं कशाला बोलू. ज्या घरांत बाबासाहेबांचा फोटो देवघराच्या जागी आहे तिथं "हे त्यांच्याविरुद्ध लढले" म्हटलं की पुढचे एकशे चौदा बळी कोण ऐकणार? कदाचित म्हणूनच ते आमच्या भिंतींवर नाहीत. आणि ज्यांच्या भिंतींवर असायला हवे होते, त्यांनी चहा बोळक्यात दिलेला. मला निवडणुकीतलं कळत नाही. पण दोन हजार वीस मतांसाठी एवढा गोलंदाज विसरायचा, हे मला पटत नाही. १९५५च्या जुलैमध्ये मुंबईत ते गेले.

परवा रविवारी आमच्या कंपनीची मॅच होती भोसरीला. मी डावखुरा फिरकी टाकतो. म्हणजे माझा तसा समज आहे. मॅचच्या आधी ग्राउंडवरच्या पोऱ्याला म्हटलं, आज रोलर मी ओढतो. त्यानं माझ्याकडे बघितलं, पोटाकडे बघितलं आणि बाजूला झाला. लोखंडी रोलर, दांडा छातीला लावून पुढे वाकायचं. पहिली फेरी जोशात झाली. वळवताना पोटऱ्या बोलायला लागल्या. तिसऱ्या फेरीला हाताला फोड. आणि हे रोज, उन्हात, तीन रुपयांत, आणि मग त्याच हातांनी गोलंदाजी! माझ्या पहिल्या षटकात सतरा धावा गेल्या. कॅप्टननं चेंडू काढून घेतला.

सोमवारी पहाटे बसमध्ये सगळे पेंगत होते. मी पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरमामांना गोष्ट सांगत होतो, कारण त्यांना झोपायची सोय नाही. हॅरिस ब्रिज गेला, कासारवाडी गेली. मामा हूं की चूं करेनात. मला वाटलं, इंजिनच्या आवाजात ऐकूच जात नसेल. नाशिक फाट्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली तशी त्यांनी मान वळवली.

"ते समदं ठीकंय. पण त्या बाळूला बॅटिंग दिली का नाय कधी?"

मी मोबाईल काढला. प्रथम दर्जाचे सामने ३३. बळी १७९, सरासरी पंधराच्या जरा वर. हे मला पाठ होतं, दुसऱ्या रकान्याकडे मी बघितलंच नव्हतं. धावा ७५३.

"दिली मामा. सातशे त्रेपन्न रन."

"एका डावात जास्तीत जास्त?"

"पंचाहत्तर."

सिग्नल सुटला. मामांनी पहिला गिअर टाकला.

"पंच्याहत्तर? न शिकवता?"